ॲटोपिक इसब ओळखावा कसा : खाज, जागा आणि कालक्रम यांवरून ठरणारे निदान

रायपूर : तान्ह्या बाळाच्या गालांवर उठलेले खरखरीत, कधी पाणी सुटणारे चट्टे, शाळकरी मुलाच्या कोपरांच्या घड्यांत आणि गुडघ्यांमागच्या लवणीत जाड झालेली त्वचा, रात्रभर चालणारे खाजवणे आणि सकाळी चादरीवर दिसणारे रक्ताचे ठिपके. ॲटोपिक इसबाचे हे चित्र छत्तीसगडच्या राजधानीत त्वचारोग विभागांपुढे नित्य येते. मात्र तेथवर पोहोचण्याआधी रुग्णाच्या त्वचेवर बहुधा दोन-चार मलमे लावून झालेली असतात आणि रोगाला तितकीच नावेही मिळालेली असतात.

नावांचा हा घोळ भाषेपासूनच सुरू होतो. मराठीत इसब, खरूज, नायटा, गजकर्ण, घामोळे असे वेगवेगळे शब्द आहेत. तरीही घरगुती बोलण्यात ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. रायपूरसारख्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेली मराठी कुटुंबे औषधाच्या दुकानात हिंदीत बोलतात आणि तेथे ‘दाद-खाज-खुजली’ हे तीन शब्द एका दमात उच्चारले जातात. दाद म्हणजे बुरशीचा संसर्ग, तर खाज आणि खुजली ही केवळ लक्षणे. या तिन्हींसाठी एकच मलम मागण्याची सवय निदानाच्या मार्गातील मोठा अडथळा ठरते.

ॲटोपिक इसब निश्चित करणारी रक्ताची अथवा अन्य कोणतीही एकच चाचणी आजही उपलब्ध नाही. खाज आहे काय, पुरळ शरीराच्या कोणत्या भागावर आहे आणि ते किती काळापासून येत-जात आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर व संपूर्ण त्वचेच्या तपासणीवर हे निदान उभे असते. त्यामुळे रुग्णाने वा त्याच्या आईवडिलांनी सांगितलेला पूर्वेतिहास हा तपासणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग मानला जातो.

रोगाचे स्वरूप

‘ॲटोपी’ ही संज्ञा आर्थर कोका आणि रॉबर्ट कुक या अमेरिकी वैद्यकतज्ज्ञांनी १९२३ साली प्रचारात आणली. दमा, परागज्वर यांसारख्या विकारांकडे असलेला आनुवंशिक कल तिच्यातून सूचित होतो. पुढे १९३३ साली फ्रेड वाइज आणि मॅरियन सल्झबर्गर यांनी त्वचेच्या या विकाराला ‘ॲटोपिक डर्मटायटिस’ असे नाव दिले. ॲटोपिक इसब आणि ॲटोपिक डर्मटायटिस ही एकाच रोगाची दोन नावे आहेत.

या रोगात त्वचेचा संरक्षक थर कमकुवत असतो. त्यातून पाणी लवकर उडून जाते, त्वचा कोरडी पडते आणि बाहेरील प्रक्षोभक घटक व जंतू सहज आत शिरतात. त्यांना उत्तर देताना शरीराची प्रतिकारयंत्रणा गरजेपेक्षा तीव्र प्रतिक्रिया देते व दाह सुरू होतो. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २००६ साली फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषांचा या रोगाशी असलेला संबंध दाखवून दिला आणि रोगाच्या मुळाशी त्वचेचा अडथळाच दुबळा असू शकतो, या कल्पनेला भक्कम आधार मिळाला. मात्र हा जनुकदोष सर्व रुग्णांत नसतो आणि तो असलेल्या प्रत्येकाला इसब होतोच असेही नाही. त्यामुळे नेहमीच्या निदानासाठी जनुकचाचणी केली जात नाही.

हा रोग संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, एकत्र जेवणाने किंवा शाळेत एका बाकावर बसल्याने तो पसरत नाही.

निदानाचे निकष

जॉन हॅनिफिन आणि जॉर्ज रायका यांनी १९८० साली मांडलेले निकष आजही अभ्यासात आधारभूत मानले जातात. त्यांत चार प्रमुख बाबी आहेत : खाज, वयानुरूप विशिष्ट जागी व विशिष्ट स्वरूपाचे पुरळ, दीर्घकालीन किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारा विकार, आणि रुग्णाला स्वतःला अथवा कुटुंबात दमा, ॲलर्जीची सर्दी वा इसब असल्याचा इतिहास. यांपैकी किमान तीन आणि २३ दुय्यम बाबींपैकी किमान तीन आढळल्यास निदान ग्राह्य धरले जाते. कोरडी त्वचा, लहान वयात सुरुवात, तळहातांवरील ठळक रेषा, खालच्या पापणीखालची जादा घडी, डोळ्यांभोवतीचा काळसरपणा, गालांवरील फिकट चट्टे, लोकरीचे कपडे न सोसणे आणि घाम आल्यावर खाज वाढणे या त्या दुय्यम बाबींपैकी काही होत.

ही यादी गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वापरण्यास लांबलचक आहे. म्हणून ब्रिटनमधील हायवेल विल्यम्स यांच्या नेतृत्वाखालील गटाने १९९४ साली ती आटोपशीर केली. त्यानुसार गेल्या वर्षभरात त्वचेला खाज सुटत असणे ही अनिवार्य अट आहे. तिच्या जोडीला पुढील पाचपैकी किमान तीन बाबी हव्यात : दोन वर्षांच्या आत रोगाची सुरुवात, कोपर, गुडघा, घोटा, मान अशा घडीच्या जागी पूर्वी पुरळ येऊन गेल्याचा इतिहास, एकंदर त्वचा कोरडी असल्याचा इतिहास, दमा वा ॲलर्जीच्या सर्दीचा इतिहास, आणि तपासणीवेळी घडीच्या जागी प्रत्यक्ष दिसणारा इसब. चार वर्षांखालील मुलांत सुरुवातीच्या वयाची अट लावली जात नाही. त्यांच्या बाबतीत आई, वडील किंवा भावंडांना असा विकार असल्यास तो ग्राह्य मानतात आणि घडींबरोबरच गाल, कपाळ व हातापायांच्या बाहेरील बाजूंचाही विचार केला जातो.

या निकषांतील सर्वांत निर्णायक शब्द ‘खाज’ हा आहे. खाज मुळीच नसेल, तर ॲटोपिक इसबाचे निदान पुन्हा तपासून पाहावे, असा वैद्यकीय शिरस्ता आहे.

वयानुसार बदलणाऱ्या जागा

निम्म्याहून अधिक रुग्णांत या रोगाची सुरुवात पहिल्या वर्षातच होते आणि बहुतेकांत ती पाच वर्षांच्या आत झालेली असते. तान्ह्या बाळांत गाल, कपाळ, टाळू आणि हातापायांच्या बाहेरील बाजू यांवर ओलसर, खपलीदार चट्टे येतात. लंगोटाखालची जागा मात्र बहुधा स्वच्छ राहते. तेथील ओलावा त्वचेला कोरडी पडू देत नाही. ही मोकळी राहिलेली जागा डॉक्टरांच्या दृष्टीने उपयुक्त खूण असते.

दोन वर्षांनंतर पुरळ घड्यांकडे सरकते. कोपरांच्या आतील बाजू, गुडघ्यांमागची लवण, मनगटे, घोटे व मान येथे सतत खाजवल्याने त्वचा जाड व चिवट होते आणि तिच्यावरील रेषा ठळक दिसू लागतात. प्रौढांत हात, पापण्या, मान व घड्या यांवर रोग अधिक आढळतो. बालपणी बरा झालेला इसब भांडी घासणे, सिमेंटचे काम, वारंवार हात धुणे यांमुळे हातांवर पुन्हा डोके वर काढू शकतो. त्यामुळे प्रौढ रुग्णालाही लहानपणीच्या त्वचेविषयी विचारणे आवश्यक ठरते.

सावळ्या त्वचेवर लाली दिसतेच असे नाही

पाठ्यपुस्तकांतील अनेक वर्णने गोऱ्या त्वचेवर बेतलेली आहेत. त्यांत लालसर चट्टा हे मुख्य लक्षण असते. छत्तीसगड व महाराष्ट्रातील बहुसंख्य रुग्णांच्या त्वचेवर तीच लाली तपकिरी, जांभळट किंवा राखाडी छटेने प्रकट होते आणि रोगाची तीव्रता प्रत्यक्षाहून कमी भासते. अशा वेळी त्वचेचा स्पर्श, उष्णता, खरखरीतपणा, खाजवल्याच्या रेघा आणि सूज यांकडे लक्ष द्यावे लागते.

काही मुलांत सलग चट्ट्यांऐवजी केसांच्या मुळांशी, शहारे आल्यासारखे बारीक उंचवटे दिसतात. दाह ओसरल्यानंतर मागे राहणारे काळे किंवा फिकट डाग कित्येक महिने टिकतात. पालकांना हे डाग म्हणजेच रोग वाटतो आणि ते घालवण्यासाठी तीव्र मलमांचा वापर सुरूच ठेवला जातो. वस्तुतः डाग उरले असतील व खाज थांबली असेल, तर दाह आटोक्यात आला आहे असे समजावे.

ऋतूंचा परिणाम

रायपूरचा उन्हाळा कडक व कोरडा असतो. मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. त्यानंतरचा पावसाळा दमट, तर डिसेंबर-जानेवारीतील हवा थंड व कोरडी असते. ॲटोपिक इसबाच्या रुग्णाला या तिन्ही ऋतूंत वेगवेगळ्या कारणांनी त्रास होऊ शकतो. हिवाळ्यात कोरडेपणा व लोकरीचे कपडे, उन्हाळ्यात घाम व धूळ आणि पावसाळ्यात ओल्या कपड्यांसह वाढणारे जंतू व बुरशी ही ती कारणे होत.

म्हणूनच ‘कोणत्या महिन्यात वाढते’ हा प्रश्न निदानास साहाय्यक ठरतो. केवळ उन्हाळ्यात, झाकलेल्या जागी, टोचल्यासारखी खाज सुटणारे आणि थंडाव्यात दोन-चार दिवसांत मावळणारे पुरळ बहुधा घामोळे असते. वर्षानुवर्षे त्याच जागी परतणारा आणि हिवाळ्यातही न सुटणारा विकार इसबाकडे निर्देश करतो.

मिळतेजुळते रोग

खरूज हा सर्वाधिक गल्लत होणारा रोग आहे. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असलेला किडा त्वचेच्या वरच्या थरात बीळ करतो आणि त्यामुळे हा रोग होतो. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवतीचा भाग, काखा व जननेंद्रिये येथे पुरळ येते आणि खाज रात्री तीव्र होते. घरातील इतरांनाही खाज असणे ही त्याची मोठी खूण होय. तान्ह्या बाळांत तळहात-तळपायांवरही पुरळ उठते. पहिल्यांदा लागण झाल्यास लक्षणे दिसण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. खरजेवर घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे लागते. तिला इसब समजून एकट्या मुलावर उपचार केल्यास रोग घरभर फिरत राहतो.

गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा संसर्ग गोल कडांनी पसरतो. कडा उंचावलेल्या व सक्रिय, तर मध्यभाग तुलनेने स्वच्छ असतो. ॲटोपिक इसब बहुधा दोन्ही बाजूंना सारख्या जागी येतो व त्याच्या कडा धूसर असतात. शंका असल्यास चट्ट्याच्या कडेची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जाते. ही चाचणी स्वस्त असून तिचा निकाल लवकर मिळतो.

गाजरगवताची ॲलर्जीही इसबासारखी भासते. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज मध्य भारतातील पडीक जमिनी व रस्त्यांच्या कडा व्यापून आहे. त्याचे सूक्ष्म कण हवेतून पसरतात आणि पापण्या, मान, कोपरांच्या व गुडघ्यांच्या घड्या येथे दाह निर्माण करतात. जागा ॲटोपिक इसबाच्याच असल्या, तरी रुग्ण बहुधा प्रौढ असतो, त्रास बाहेर वावरल्याने वाढतो आणि बालपणीचा इतिहास अनेकदा नसतो. नकली दागिने, केसांचा कलप, चपलेचे रबर यांमुळे होणारा स्पर्शजन्य इसब त्या त्या वस्तूच्या जागेपुरता उमटतो.

तान्ह्या बाळांतील सेबोरिक डर्मटायटिस पहिल्या तीन महिन्यांत टाळूवर पिवळट, तेलकट खपल्यांच्या रूपाने येतो. त्यात खाज कमी असते, बाळ शांत झोपते आणि लंगोटाखालच्या घड्याही बाधित होतात. सोरायसिसचे चट्टे अधिक जाड, स्पष्ट कडांचे व चंदेरी पापुद्र्यांचे असून कोपर-गुडघ्यांच्या बाहेरील बाजूंवर असतात.

फिकट चट्टा आणि कुष्ठरोगाची शंका

छत्तीसगडमध्ये आणखी एका फरकाला विशेष महत्त्व आहे. देशात कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या राज्यांत छत्तीसगडची गणना होते. स्वतः या रोगाने ग्रस्त असलेले सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ साली चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. तेथेच अमरावती जिल्ह्यातून आलेले दामोदर गणेश बापट यांनी अनेक दशके सेवा केली व २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मराठी कार्यकर्त्यांशी निगडित असलेला हा इतिहास या प्रदेशात त्वचेवरील फिकट चट्ट्याकडे किती भीतीने पाहिले जाते, याचीही आठवण करून देतो. भारतात त्वचारोगाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कुष्ठरोगाचा स्वतंत्र उल्लेख असतो, तो याच कारणाने.

ॲटोपिक प्रवृत्तीच्या मुलांच्या गालांवर बारीक पापुद्र्यांचे फिकट चट्टे वारंवार येतात. त्यांतील संवेदना शाबूत असते व उन्हाळ्यात ते अधिक उठून दिसतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला सहसा खाज नसते. तेथे स्पर्श, उष्णता वा वेदना यांची जाणीव कमी झालेली असू शकते आणि जवळची मज्जातंतू जाड लागू शकते. लहान मुलांत, विशेषतः चेहऱ्यावर, संवेदनेची तपासणी अवघड असते. म्हणून शंकास्पद चट्टा काही आठवड्यांनी पुन्हा तपासला जातो. दोन्ही बाजूंची चूक महागात पडते. इसबाला कुष्ठरोग म्हटले तर कुटुंबावर विनाकारण कलंकाची छाया पडते आणि कुष्ठरोगाला इसब समजून मलम लावत राहिल्यास मज्जातंतूंची कायमची हानी होऊ शकते. कुष्ठरोगावरील बहुऔषधोपचार शासकीय आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतो.

चाचण्यांचा उपयोग आणि मर्यादा

रक्तातील आयजीई या प्रतिपिंडाची पातळी अनेक रुग्णांत वाढलेली असते. मात्र बऱ्याच रुग्णांत ती सामान्यही असते, तर जंत, दमा आदी कारणांनी ती अन्य व्यक्तींतही वाढते. त्यामुळे केवळ या आकड्यावरून निदान करता येत नाही वा नाकारताही येत नाही. अनेक पदार्थांची एकत्रित ‘ॲलर्जी तपासणी’ करून दूध, अंडी, गहू, शेंगदाणे असे पदार्थ सरसकट बंद करणे वाढत्या मुलासाठी घातक ठरू शकते. अहवालातील संवेदनशीलता म्हणजे प्रत्यक्ष ॲलर्जी नव्हे. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी किंवा धाप लागणे असा इतिहास असल्यास, अथवा तान्ह्या बाळाचा तीव्र इसब योग्य उपचारांनीही हटत नसल्यास, अन्नाच्या ॲलर्जीचा शोध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घेतला जातो.

स्पर्शजन्य ॲलर्जीची शंका असेल तर पाठीवर पट्ट्या लावून पॅच चाचणी केली जाते आणि साधारण दोन व चार दिवसांनी तिचे वाचन होते. प्रौढ वयात प्रथमच उद्भवलेला, उपचारांना दाद न देणारा विकार असेल, तर त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार वगळण्यासाठी त्वचेचा तुकडा तपासणे आवश्यक ठरू शकते. वारंवार गंभीर संसर्ग, वजन न वाढणे किंवा सहज रक्तस्राव होणे अशी लक्षणे इसब असलेल्या तान्ह्या बाळात दिसल्यास प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांचा विचार करावा लागतो.

तीव्रतेचे मोजमाप

निदान निश्चित झाल्यावर रोग किती तीव्र आहे हे ठरवले जाते. त्यासाठी १९९३ साली युरोपात तयार झालेली १०३ गुणांची ‘स्कोराड’ आणि ७२ गुणांची ‘ईझी’ या मापनपद्धती प्रचलित आहेत. स्कोराडमध्ये खाजेबरोबरच झोपमोडीलाही गुण दिले जातात. मूल रात्री किती वेळा उठते, शाळा किती दिवस बुडते, आईवडिलांची झोप होते काय, ही माहिती उपचारांची दिशा ठरवते. त्वचेचा थोडाच भाग बाधित असूनही झोप पूर्ण उडालेली असेल, तर असा रोग सौम्य म्हणता येत नाही.

तातडीची लक्षणे

इसबाच्या जागी अचानक एकसारखे लहान फोड किंवा छिद्रासारख्या गोल जखमा उठणे, त्यांत वेदना असणे आणि सोबत ताप येणे हे नागिणीशी साधर्म्य असलेल्या हर्पीस विषाणूच्या संसर्गाचे लक्षण असू शकते. ही आणीबाणीची स्थिती असून त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते. डोळ्यांजवळ असे फोड आल्यास दृष्टीलाही धोका संभवतो. मधाळ रंगाच्या खपल्या, पू आणि वाढती सूज जिवाणूंचा संसर्ग दर्शवतात. जवळपास संपूर्ण शरीराची त्वचा लाल होऊन सोलवटणे हीसुद्धा दाखल करण्याजोगी अवस्था आहे.

मलमांनी पुसलेल्या खुणा

निदानातील सर्वांत मोठी अडचण दुकानातून परस्पर आणलेल्या मिश्र मलमांमुळे उद्भवते. तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ही मलमे काही दिवस खाज थांबवतात. परंतु गजकर्णावर ती लावल्यास बुरशी आतल्या आत पसरते, तिच्या ओळखीच्या कडा पुसल्या जातात आणि तो चट्टा इसबासारखा दिसू लागतो. गेल्या दशकभरात देशभर फोफावलेल्या हट्टी गजकर्णामागे हे एक कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. दीर्घ वापराने त्वचा पातळ होणे, रेघा उमटणे, चेहऱ्यावर पुटकुळ्या व लालसरपणा येणे असे परिणाम होतात. केंद्र सरकारने २०१८ साली त्वचेवर लावायच्या १४ स्टेरॉइडांचा समावेश अनुसूची ‘एच’मध्ये केला. या अनुसूचीतील औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक असते.

याचा अर्थ स्टेरॉइड मलम सर्वथा वर्ज्य आहे असा नाही. निदान पक्के झाल्यावर, योग्य तीव्रतेचे, ठरावीक जागी व ठरावीक काळ लावलेले स्टेरॉइड मलम आणि जोडीला नियमित स्निग्ध लेप हाच ॲटोपिक इसबाच्या उपचारांचा पाया आहे. भीतीपोटी ते अर्धवट सोडल्यानेही रोग वारंवार उसळतो.

तपासणीला जाताना

रायपूरमध्ये टाटीबंध येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था तसेच पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले आणि ‘मेकाहारा’ या नावाने परिचित डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय येथे त्वचारोग विभाग कार्यरत आहेत. तपासणीला जाताना आजवर लावलेल्या सर्व मलमांच्या नळ्या, त्यात घरगुती लेप व तेलांचाही समावेश, सोबत न्याव्यात. इसब येतो आणि जातो, तपासणीच्या दिवशी त्वचा स्वच्छही असू शकते. म्हणून त्रास वाढलेला असताना मोबाइलवर काढलेली छायाचित्रे उपयोगी पडतात. सुरुवातीचे वय, वाढणारा ऋतू, घरातील दमा व सर्दीचा इतिहास आणि घरात आणखी कोणाला खाज आहे काय, हे आधीच लिहून ठेवावे. तपासणी अंगभर व्हावी यासाठी सैल कपडे घालावेत आणि केवळ एक चट्टा दाखवून परतू नये.

बहुतेक मुलांत वय वाढेल तसा हा रोग सौम्य होत जातो. काहींत तो प्रौढपणीही टिकतो आणि काही रुग्णांत दमा किंवा ॲलर्जीची सर्दी त्याच्या मागोमाग येते. त्यामुळे एकदा निदान झाल्यावरही मुलाच्या श्वासाच्या तक्रारींकडे लक्ष ठेवणे आणि उपचारांना अपेक्षित प्रतिसाद न मिळाल्यास मलम बदलण्याआधी निदान पुन्हा तपासून घेणे हितावह ठरते.